लॉख नेस सरोवरांतील बाँबफेकी विमान

युद्धकाळीं वैमानिकास मरण केवळ शत्रूच्या हातूनच येई, हा समज बरोबर नाहीं. एन २९८० हें ब्रिटिश ‘वेलिंग्टन’ विमान १९३९ च्या डिसेंबरांत हेलिगोलंडच्या ज्या लढाईंतून सुखरूप परतलें, तींत १२ विमानें नष्ट झालीं होतीं. तेंच पुढें ता. ३१ डिसेंबर १९४० रोजीं स्कॉटलंडमधील लॉसीमाउथ तळावरून सरावास निघालें आणि हिमवादळांत एंजिन बिघडून नाश पावलें. सहा जणांनीं हवाई छत्र्यांनिशीं उड्या टाकिल्या. पैकीं एका गोलंदाजास छत्रीनें दगा दिला व तो मरण पावला. उरलेल्या दोघांनीं विमान लॉख नेस सरोवराच्या पाण्यावर उतरवून जीव वांचविला. ब्रिटिश बाँबर कमांडच्या ५५,५७३ मृतांपैकीं ८,००० हून अधिक असे अपघातांतच गेले. १९८५ सालीं सरोवरांतून वर काढलेलें हें विमान त्यांचेंही स्मारक होय, असें आम्हांस वाटतें.