पारिजातक: सूर्यावर रुसलेलं झाड

दुःखातून उगवलेल्या झाडांच्या कथा जगभर आहेत, पण पारिजातकाची कथा छापली गेली ती गोव्यात. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात प्रसिद्ध झाला. त्यात हे ‘दुःखी झाड’ म्हणून येतं. कथा अशी: एका सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली. सूर्याने तिला टाकल्यावर तिने जीव दिला आणि तिच्या चितेच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून फुलांना सूर्याचं तोंड पाहवत नाही. कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून झाड आणल्याची कथा आपल्याकडे अधिक प्रिय. सूर्याची ही कथा मात्र फारशी कुणी सांगत नाही. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये शास्त्रीय नाव दिलं, ‘निक्टॅन्थिस आर्बर-ट्रिस्टिस’ (आर्बर-ट्रिस्टिस म्हणजे दुःखी झाड), आणि ते दुःख वनस्पतिशास्त्रातही कायम झालं.

पारिजातक जाईजुईच्या कुळातला. पानं खरखरीत, फळ चपटं, दोन बियांचं. कळ्या तिन्हीसांजेला उमलतात आणि पहाटे सडा पडतो. केशरी देठांत केशरातलंच रंगद्रव्य असतं. पूर्वी त्याने कापड रंगवत. जमिनीवर पडलेलं फूल सहसा देवाला वाहत नाहीत, पारिजातकाला तेवढी सूट आहे.

मच्छे, बेळगाव, निपाणी भागात अंगणात लावायचा असेल तर पाणी न साचणारी, उन्हाची जागा बघावी. सूर्यावरचा राग फुलांपुरताच आहे. झाडाला ऊन लागतंच.