चंद्र झालेली मुलगी

“बाई, चंद्र स्वतःभोवती फिरत असता तर त्याची मागची बाजू कधीतरी दिसली असती ना?” सहावीतल्या मुलीचा प्रश्न. फळ्यावर दोनदा आकृती काढली, तरी तिचं समाधान होईना. मग बाकं भिंतीला सरकवली, फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढलं. मधोमध एक मुलगा पृथ्वी होऊन उभा राहिला. चंद्र तिलाच केलं.

अट एकच, वर्तुळावरून जाताना तोंड पृथ्वीकडे. एकेक पाऊल सरकवत ती आडवी चालू लागली. पहिली फेरी हसण्यातच गेली. दुसऱ्या फेरीत दर पाव वर्तुळाला थांबवून विचारलं, “पृथ्वीच्या पलीकडे काय दिसतंय?” “खिडकी.” मग “मागची भिंत.” मग “दार.” मग “फळा.” पुन्हा खिडकी आली तशी ती थबकली. “बाई, चारी बाजू बघून झाल्या. म्हणजे मी पूर्ण गोल वळले!”

मग उलट करून पाहिलं. अजिबात वळायचं नाही, तोंड सतत खिडकीकडे. अर्धी फेरी होताच पृथ्वी ओरडली, “आता हिच्या वेण्या दिसायला लागल्या!”

पृथ्वीभोवती एक फेरी मारायला चंद्राला सुमारे २७.३ दिवस लागतात आणि स्वतःभोवती फिरायलाही तेवढेच, हे मी वर्षानुवर्षं तोंडी शिकवत आले. ऑक्टोबर १९५९मध्ये सोव्हिएत लुना-३ यानाने त्या मागच्या बाजूची पहिली छायाचित्रं घेतली, हे त्या दिवशी सांगितलं तेव्हा वर्ग कान टवकारून बसला होता.

दर वेळी असं जमत नाही. एकदा मुलांना पाण्याचे कण केलं आणि “आता उकळा” म्हटलं. नुसती पळापळ झाली, हाती काही लागलं नाही. चूक माझी, मधे कुठे थांबवलंच नाही. पुढच्या खेपेला थांबवलं, तर काही जण गाल फुगवून, हात पसरून उभे. तापल्यावर कणच मोठे होतात, अशी त्यांची समजूत! वाढतं ते कणांमधलं अंतर. वहीत हीच मुलं व्याख्या बिनचूक लिहीत होती. अशी समजूत अंगावर उमटते, म्हणून धड्याच्या ऐन मध्यात मी मुलांना उभं करते.

घंटा झाली तरी चंद्र वर्तुळावरच उभा. “बाई, मग तिथून बघितलं तर पृथ्वी कधी मावळतच नसेल?”

बाकं आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत भिंतीलाच राहू दिली.