अर्ध्या मिनिटाची किंमत

सायरन ऐकू आला की गाड्या बाजूला होतात. पण जो पायी रस्ता ओलांडतोय, जो सायकलवर आहे, त्याने जायचं कुठे? सिएटलमधल्या एका झेब्रा क्रॉसिंगवर २०२३ मध्ये जे घडलं, ते ऑफिस सुटल्यावर रस्ता क्रॉस करणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं.

संध्याकाळचे आठ. लॅपटॉपची बॅग खांद्यावर, कानात इअरफोन्स, डोक्यात उद्याचं प्रेझेंटेशन. घरी जाऊन मॅगी करायची की काहीतरी मागवायचं, एवढाच काय तो मोठा प्रश्न! समोर झेब्रा क्रॉसिंग. तुम्ही डावी-उजवीकडे बघता आणि पाऊल टाकता.

ओळखीचं वाटतंय ना? २३ जानेवारी २०२३ ला साधारण याच वेळी जान्हवी कंदुला सिएटलमधल्या डेक्स्टर अव्हेन्यू आणि थॉमस स्ट्रीटच्या चौकात असाच रस्ता ओलांडत होती. वय २३. आंध्र प्रदेशातल्या अदोनीची मुलगी. नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या सिएटल कॅम्पसमध्ये इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये मास्टर्स करत होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डिग्री हातात पडायची होती. तिला उडवलं ते कुणा दारुड्याने नाही, बापाची गाडी घेऊन निघालेल्या पोरानेही नाही. तिला उडवलं पोलिसांच्या गाडीने. त्याच रात्री ती हॉस्पिटलमध्ये गेली.

माझी कॉलेजमधली एक मैत्रीण गेली काही वर्षं सिएटलला नोकरी करते. हा चौक तिच्या ऑफिसच्या वाटेवर आहे. एकदा व्हिडीओ कॉल चालू असताना तिने मला तो दाखवला. दोन्ही बाजूंना उंच इमारती, बसेस, बॅकपॅक लावलेले आयटीवाले, सायकलींची वेगळी लेन. हा भाग म्हणजे साउथ लेक युनियन, ॲमेझॉनचा इलाका. डेक्स्टर अव्हेन्यू तर तिथल्या सायकलवाल्यांचा आवडता रस्ता. "आपल्या बाणेर-हिंजवडीसारखंच समज, फक्त इथे फुटपाथ आहेत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "इथे पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देतात, असंच मला वाटायचं गं."

ताशी ११९

त्या रस्त्यावरची वेगमर्यादा होती ताशी २५ मैल, म्हणजे साधारण ४० किलोमीटर. पोलिसांच्या गाडीने गाठलेला वेग होता ताशी ७४ मैल. म्हणजे ११९ किलोमीटर! शहराच्या मधोमध, रात्री आठ वाजता.

गाडी निघाली होती ड्रग्जच्या ओव्हरडोसच्या कॉलवर. फोन करणारा माणूस स्वतःच बोलत होता, जास्त कोकेन घेतलं म्हणून घाबरला होता. गाडीचे दिवे चालू होते. सायरन मात्र सलग नव्हता, चौक आला की तेवढ्यापुरता वाजवला जात होता. ब्रेक दाबला गेला तो धडकेच्या जेमतेम सेकंदभर आधी. धडक बसली तेव्हाही वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास होता. जान्हवी १३८ फूट लांब फेकली गेली. म्हणजे चार बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढ्या होतील, जवळपास तेवढं अंतर.

सिएटल पोलिसांच्याच तपास अहवालात एक वाक्य आहे, ते वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. गाडीचा वेग ताशी ५० मैल किंवा त्याहून कमी असता, तर ही धडक झालीच नसती. ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट वेगाने गेले असते, तरी ती वाचली असती.

आता एक छोटंसं गणित करू. समजा, कॉल दोन किलोमीटरवर आहे. ताशी ८० ने गेलं तर दीड मिनिट लागतं. ताशी ११९ ने गेलं तर एक मिनिट. वाचलं किती? अर्धं मिनिट. वाटेतले चौक आणि वळणं धरली तर त्याहूनही कमी. एवढ्यासाठी!

तिला दिसलं नाही का?

अशी बातमी आली की पहिली कमेंट ठरलेली असते : "बघून क्रॉस करायला नको?" जान्हवीच्या बाबतीतही तिच्या कानातल्या इअरबड्सची चर्चा झालीच. पण बघून तरी काय होतं, ते बघू या.

बारा मीटर रुंदीचा रस्ता धरा. साधारण चालीने तो ओलांडायला दहा सेकंद लागतात. ताशी ४० ने येणारी गाडी दहा सेकंदांत १११ मीटर येते. आपल्या डोळ्यांना याच हिशोबाची सवय असते. गाडी तेवढी लांब दिसली, की आपण निर्धास्त निघतो. पण ताशी ११९ ने येणारी गाडी तेवढ्याच वेळात ३३० मीटर कापते. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा ती तीन चौक मागे असते. दिसली तरी एक लुकलुकणारा ठिपका! समोरून सरळ आपल्यावर येणाऱ्या गाडीचा वेग ओळखणं माणसाच्या डोळ्याला तसंही कठीण जातं. लांब असताना तिचा आकार फारसा वाढताना दिसत नाही, आणि वाढायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

सायरनचंही तेच. उंच इमारतींच्या मध्ये आवाज इकडून तिकडे आपटतो. आवाज येतोय हे कळतं, कुठून येतोय हे कळत नाही. सायकलवाल्याची पंचाईत तर डबल. त्याच्याकडे बहुधा आरसा नसतो, कानात वारा घुमत असतो, मागे वळून बघावं तर हँडल डगमगतं. शिवाय सायरन ऐकून पुढची कार घाईघाईने डावीकडे दाबली जाते, म्हणजे नेमकी त्याच्या अंगावर!

आणि गाडी चालवणाऱ्या पोलिसाचं काय? तोही माणूसच. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तर ताशी ४० ला गाडी तोवर सतरा मीटर पुढे जाते, ताशी ११९ ला पन्नास मीटर. वेग तिप्पट झाला की धडकेतली ऊर्जा तिप्पट नाही, जवळपास नऊपट होते. अनुभव, ट्रेनिंग, गणवेश, यातलं काहीही हे गणित बदलू शकत नाही.

'फारशी किंमत नव्हती'

पुढे जे घडलं, त्याने ही बातमी जगभर गेली. ड्रायव्हर नशेत होता का, हे तपासायला त्या रात्री दुसरा एक अधिकारी आला होता. तो पोलीस युनियनचा पदाधिकारी. काम आटोपून त्याने युनियनच्या अध्यक्षाला फोन लावला, आणि अंगावरचा कॅमेरा चालूच राहिला. ११ हजार डॉलर्सचा चेक फाडा म्हणजे झालं, ती २६ वर्षांची होती, तिला तशी फारशी किंमत नव्हती, असं म्हणून तो हसला. वयसुद्धा चुकीचं सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ते रेकॉर्डिंग बाहेर आलं आणि सिएटलमध्ये लोक रस्त्यावर उतरले. आपण वकिलांची नक्कल करत होतो, असा त्याचा खुलासा. जुलै २०२४ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं.

आणि ज्याने गाडी चालवली त्याचं? फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी वकिलांनी जाहीर केलं की त्याच्यावर फौजदारी गुन्हा लावता येणार नाही. त्याने जाणूनबुजून धोक्याकडे दुर्लक्ष केलं, हे कोर्टात निःसंशय सिद्ध करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मागे उरली ती निष्काळजी ड्रायव्हिंगची नोटीस, दंड ५,००० डॉलर्स. जानेवारी २०२५ मध्ये तोही नोकरीवरून गेला. युनिव्हर्सिटीने जान्हवीला मरणोत्तर डिग्री द्यायचं ठरवलं.

सूट कशाची?

पोलिसांनी हळू जावं का? तसं कुणीच म्हणत नाही. उद्या आपल्या दारात कुणी चाकू घेऊन उभा राहिला, तर आपल्यालाही ती गाडी दोन मिनिटांतच यायला हवी असेल. म्हणून तर जगभरचे कायदे इमर्जन्सी गाड्यांना सूट देतात. पण ती सूट सिग्नल आणि वेगमर्यादेपुरती असते. समोरच्या माणसाच्या जिवाची काळजी घेण्यातून सूट नसते. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यातही तसंच आहे : मर्यादा ओलांडा, पण कुणाचा जीव आणि मालमत्ता धोक्यात न घालता.

प्रश्न असतो तो कॉल केवढा गंभीर आणि वेग केवढा, याचा मेळ घालण्याचा. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला २००८ मध्ये नंबर प्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याने एका कारचा इशारा दिला, आणि पोलिसाने तिच्यामागे गाडी सोडली. ३० मैलांची मर्यादा असलेल्या वस्तीत वेग एका क्षणी ९४ मैलांवर, म्हणजे दीडशे किलोमीटरवर गेला. दिवे नाहीत, सायरन नाही. रस्ता ओलांडणारी सोळा वर्षांची मुलगी जागच्या जागी गेली. त्या पोलिसाला २००९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. एका गाडीचा नंबर तपासायला दीडशेचा वेग!

पोलिसांमध्येही याचा विचार होतोय. अमेरिकेतल्या 'पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम' या संस्थेने २०२३ मध्ये पाठलागांविषयी मार्गदर्शिका काढली. तिचं सार सोपं आहे. गुन्हा हिंसक असेल आणि संशयितापासून लोकांना तातडीचा धोका असेल, तरच पाठलाग करा. संशयित उद्याही पकडता येतो. गेलेला जीव परत आणता येत नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्सनी ॲम्ब्युलन्स, अग्निशमन दल आणि पोलिसांच्या गाड्यांना इमर्जन्सीत सिग्नल तोडायची, वेगमर्यादा ओलांडायची मुभा दिली आहे, पण पुरेशी खबरदारी घेऊनच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गाडीला वाट न देणाऱ्याला १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वाट द्यायलाच हवी. पण वाट देणाऱ्याला उभं राहायला जागा तरी हवी ना! आपला फुटपाथ म्हणजे पार्किंग, टपरी आणि उघडं चेंबर. सायकल ट्रॅक असलाच तर मध्येच गायब होतो. सरकारी आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात ३२ हजारांहून जास्त पादचारी रस्त्यावर मेले. ते सगळ्या प्रकारच्या गाड्यांखाली, पोलिसांच्याच असं नाही. पण ज्या रस्त्यावर पायी माणूस आधीच जीव मुठीत धरून चालतो, तिथे सायरन लावून सुसाट जाणाऱ्याने आणखी जपायला नको?

कॉल संपता संपता मी मैत्रिणीला विचारलं, "तू अजून त्याच चौकातून जातेस?" "दुसरा रस्ताच नाही," ती म्हणाली. "फक्त आता हिरवा माणूस दिसला तरी थांबते. सगळे पुढे जातात, मी उभीच. लोकांना वाटतं हिला क्रॉस करता येत नाही."

ती हसली. मला मात्र हसू आलं नाही.

चौकट : सायरन ऐकू आला तर...

• रस्त्यात पाऊल टाकलं नसेल तर थांबा, सिग्नल तुमचा असला तरी. एक गाडी गेली की लगेच निघू नका, मागे दुसरी असू शकते.

• अर्ध्यात असाल तर दुभाजक किंवा जवळची कड गाठा. गोंधळून मागे-पुढे करू नका.

• सायकलवर असाल तर झटकन वळू नका. हात दाखवून हळूहळू डावीकडे या आणि पाय टेकवून उभे राहा.

• चौकात निदान एका कानातला इअरफोन काढा.

• पोलिसांची किंवा कुठलीही सरकारी गाडी धडकली तरी नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. शक्यतो सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. गाडीचा नंबर, वेळ आणि आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज आधी मिळवा.

• आपल्या शहरात पोलिसांच्या गाड्यांचे वर्षभरात किती अपघात झाले? माहितीच्या अधिकारात हा प्रश्न कुणालाही विचारता येतो. विचारून तर बघा!