चिनी ज्ञानी पुरुष आणि आपले समज

‘चीनमध्ये एक म्हण आहे’ या वाक्याने आपल्याकडची कितीतरी भाषणे सुरू होतात. पुढे येते ती माशाची गोष्ट: भुकेल्याला मासा देऊ नका, मासेमारी शिकवा. कधी ती कन्फ्यूशियसच्या नावावर असते, कधी लाओत्सेच्या. प्रत्यक्षात ही कल्पना अ‍ॅन इसाबेला थॅकरे रिची या इंग्रज लेखिकेच्या १८८५ मधल्या कादंबरीत आढळते. एक चित्र हजारो शब्दांच्या तोडीचे असते, हे वचन तर अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायात रुळले. फ्रेड बर्नार्ड या जाहिरातदाराने १९२७ मध्ये ते चक्क ‘चिनी म्हण’ असा शिक्का मारून छापले. प्राचीन आणि दूरच्या देशाचे नाव जोडले की वाक्याला वजन येते. यात नुकसान होते ते त्या खऱ्या माणसांचे, कारण ते जे बोलले आणि जगले ते या सुविचारांमागे झाकले जाते.

कन्फ्यूशियसने ग्रंथ लिहिला, असेही सर्रास सांगितले जाते. त्याचा काळ इ.स.पू. ५५१ ते ४७९. त्याचे विचार ज्यात मिळतात तो ‘लुन्यू’ हा वीस भागांचा संग्रह शिष्यांनी आणि त्यांच्याही शिष्यांनी पुढे बऱ्याच काळात जुळवला. म्हणूनच तो प्रवचनासारखा सलग वाचता येत नाही. त्यात संवाद आहेत, तक्रारी आहेत, गुरूवर नाराज झालेला त्झलू नावाचा शिष्यही आहे. गुरूचे वर्तन पटले नाही की हा शिष्य तोंडावर सांगे, आणि संग्रह करणाऱ्यांनी ते गाळले नाही. मला या पुस्तकातली ही सर्वात मोलाची गोष्ट वाटते. गुरूचा शब्द म्हणजे अखेरचा शब्द, असे मानणाऱ्यांनी हे पुस्तक घडवलेले नाही.

लाओत्सेचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. म्हशीवर बसून पश्चिमेकडे निघालेला वृद्ध, सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या आग्रहाखातर एका बैठकीत लिहून दिलेले ‘ताओ ते चिंग’, हे चित्र सर्वांना माहीत आहे. पण इ.स.पू. १०० च्या सुमारास लिहिणारा इतिहासकार सिमा छ्येन यालाच लाओत्से नेमका कोण, हे ठरवता आले नव्हते. त्याने एकाहून अधिक शक्यता नोंदवून ठेवल्या. त्यानंतरचे पुरावे जमिनीखालून आले. १९७३ मध्ये चांगशाजवळ मावांगत्वेई येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती मिळाल्या. त्यांत आज दुसरा मानला जाणारा भाग आधी येतो. १९९३ मध्ये हुबेई प्रांतातल्या ग्वोत्येनला बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्या इ.स.पू. ३०० च्या आसपासच्या. त्यांवर या ग्रंथाचा काही भागच आहे आणि क्रमही निराळा आहे. एका रात्रीत एका हाताने ग्रंथ उतरला असता, तर हे असे दिसले नसते.

सर्वात खोल रुजलेला गैरसमज मात्र वेगळा आहे. ज्ञानी पुरुष म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अरण्यातला आश्रम येतो, आणि मग चिनी ज्ञान्यालाही आपण धुक्यातल्या डोंगरावर नेऊन बसवतो. तसे विरक्त तिथे होते, च्वांगत्सेने तर सरकारी पद नाकारल्याची कथा आहे. पण परंपरेत आदर्श मानले गेलेले याओ, शुन आणि यू हे तिघेही राजे. दंतकथेतले खरे, तरी त्यांची निवड बोलकी आहे. याओने गादी मुलाला न देता शुनला दिली. यूच्या बापाने पूर बांध घालून अडवू पाहिला आणि तो फसला. यूने कालवे खणून पाणी समुद्राकडे वळवले. त्या काळात तो स्वतःच्या घरावरून तीनदा गेला, पण आत पाऊल टाकले नाही. ज्ञान म्हणजे काय, या प्रश्नाला इथे पूरनियंत्रण हे उत्तर आहे!

कन्फ्यूशियसनेही तरुणपणी धान्यकोठार आणि गुरे सांभाळण्याची नोकरी केली. पुढे चांगले राज्य कसे चालवावे हे ऐकून घेणारा राजा शोधत तो वर्षानुवर्षे दरबारोदरबारी फिरला. वाटेत उपासमार सोसली, पण मनाजोगता राजा मिळाला नाही. आणि स्वतःला ज्ञानी पुरुष म्हणवून घ्यायला त्याने नकार दिला. ती पदवी त्याला पुढच्या पिढ्यांनी दिली.

तो धर्मसंस्थापक होता का? देवळे आहेत, विधी आहेत, परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी तिथे नवसही करतात. पण त्याने स्वतः पंथ काढला नाही, देवादिकांविषयी तो फारसा बोलतही नसे.

चीनने त्याला अखंड पूजले, हेही खरे नाही. मोत्से या विचारवंताच्या अनुयायांनी कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या खर्चिक अंत्यविधींवर आणि संगीतावर कडाडून टीका केली होती. नोव्हेंबर १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीत बीजिंगहून आलेल्या रेड गार्ड तरुणांनी छूफू या कन्फ्यूशियसच्या गावी त्याच्या कबरीवरचा शिलालेख फोडला. जानेवारी २०११ मध्ये त्याचा साडेनऊ मीटर उंच पुतळा तिआनमेन चौकाला लागून उभा राहिला आणि त्याच एप्रिलमध्ये तिथून हलवण्यात आला.

ज्ञानी जन्मावा लागतो, हा समजही तिथल्या विचारवंतांनीच खोडला आहे. मेन्शियस मनुष्यस्वभाव मुळात चांगला मानी, शुन्त्से नेमके उलट मानी. पण कुणीही माणूस प्रयत्नाने याओ किंवा यू होऊ शकतो, यावर दोघांचे एकमत होते. सोळाव्या शतकात वांग यांगमिंगच्या शिष्यपरंपरेने ही गोष्ट अक्षरशः घेतली. मीठ पिकवणाऱ्या घरातला वांग गेन शिकवू लागला. त्याच्या परंपरेत एक लाकूडतोड्या होता आणि हान चेन नावाचा कुंभारही. हा कुंभार शरदातली सुगी आटोपली की गावोगाव जाई आणि शेतकऱ्यांना जमवून त्यांच्याशी याच विषयांवर चर्चा करी.