एका 'अ'मुळे गेलेली ऑर्डर

नेरमधल्या माझ्या दुकानातून मी एकदा बाहेरगावच्या ग्राहकाला मेसेज टाकला : 'वी हॅव फ्यू पीसेस.' मला म्हणायचं होतं, थोडे पीस आहेत. त्यांनी अर्थ घेतला, जवळजवळ संपलेत. ऑर्डर दुसरीकडे गेली. 'अ फ्यू' लिहायला हवं होतं. 'लिटल' आणि 'अ लिटल'चंही तसंच.

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपण ते सहज गाळतो. पण इंग्रजीत तेवढ्यानं हिशोब बदलतो. बघा :

१. 'अ रेड अँड ब्लॅक शर्ट' म्हणजे दोन रंगांचा एकच शर्ट. 'अ रेड अँड अ ब्लॅक शर्ट' म्हणजे दोन शर्ट.

२. 'द ओनर अँड मॅनेजर' म्हणजे एकच माणूस. 'द ओनर अँड द मॅनेजर' म्हणजे दोघं.

३. 'अॅन एमआरपी स्टिकर', पण 'अ यूपीआय पेमेंट'. स्पेलिंगचं अक्षर पाहू नका, उच्चार ऐका. 'एम'ची सुरुवात स्वरानं होते, 'यू'मध्ये आधी 'य' येतो.

आजचं काम : पुढचा इंग्रजी मेसेज पाठवण्याआधी प्रत्येक वस्तूवर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा, एक की दोन? आहे की संपलं? मगच सेंड दाबा.