बायांच्या जोडीनं पात धरताना

‘रामदासपेठेत राहून शेती? आणि तीही स्वतः राबून?’ भिशीतल्या मैत्रिणी मला अजूनही विचारतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा. आमची रामदासपेठ म्हणजे दवाखाने, लॅब आणि डॉक्टरांच्या पाट्या. इथल्या लिफ्टमध्ये चिखलाच्या चपला घालून शिरणारी बाई वेगळीच दिसणार! पण गेली सात वर्षं हंगामात आठवड्याचे तीन दिवस मी वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या माहेरच्या शेतावर असते. सकाळी ऑटोनं गणेशपेठचा बसस्टँड गाठायचा आणि तिथून एसटी. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून ही ये-जा खिशालाही परवडते.

बाबा गेले तेव्हा आठ एकर शेत मक्त्यानं देऊन टाकावं, असं भावाचं म्हणणं होतं. तो पुण्याला नोकरीत, त्याला सवड नाही. माझी मुलं मार्गाला लागलेली, आमचे हे निवृत्त झालेले. मी म्हटलं, ‘मी करून बघते.’ हे म्हणायची हिंमत झाली, कारण शेत वडिलोपार्जित होतं आणि सातबारावर माझंही नाव लागणार होतं.

इथे जरा कायद्याचं सांगते. महाराष्ट्रानं 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. माझं लग्न 1992 चं, म्हणजे मी बाहेरच! मग 2005 साली केंद्रानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली, त्यात लग्नाची ही अट राहिली नाही. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2020 साली स्पष्ट केलं. म्हणजे माझ्यासारख्या कितीतरी जणींना हा हक्क आहे. ‘भावाचं मन कशाला दुखवायचं’ म्हणून आपण गप्प बसतो, ही गोष्ट निराळी.

असो. नाव लागलं, पण शेत काही सातबारावर पिकत नाही. ते पिकतं बायांच्या हातानं. लहानपणी मी शेतात जायची ती हुरडा खायला. आता निंदणाला बायांच्या जोडीनं पात धरली, तेव्हा दुपारपर्यंत कंबर कोणती आणि पाय कोणते हे कळेना. शेजारची मावशी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिची पात धुऱ्याला लागून परत फिरली, तरी मी अर्ध्यातच! ती हसून म्हणाली, ‘काऊन वो ताई, नागपूरच्या हाताले खुरपं गोड लागते का?’ आणि माझ्या पातीतलं उरलेलं गवत काढायला स्वतःच बसली.

कापूस वेचणी तर त्याहून अवघड. दिसतं सोपं, फुटलेल्या बोंडातून कापूस काढायचा आणि कमरेला बांधलेल्या ओटीत टाकायचा. पण बोंडाची सुकलेली टोकं नखाच्या कडेला अशी टोचतात की संध्याकाळी वरणभात कालवताना डोळ्यांत पाणी येतं. सकाळी दव असतं, ओला कापूस गाठोड्यात बांधला तर खराब होतो. म्हणून ऊन चढल्यावरच खरी वेचणी. वाळका पाला कापसात येऊ द्यायचा नाही, किडका कापूस वेगळा ठेवायचा. मजुरी मिळते ती किलोवर. पहिल्या दिवशी माझा कापूस भरला नऊ किलो, मावशीचा बत्तीस. काटा कोण धरतं आणि तो कुणाला दिसतो, याला त्या नऊ किलोंनी माझ्या लेखी मोठं महत्त्व आणलं. आता वजन सगळ्या बायांच्या समोर होतं आणि प्रत्येकीचा आकडा तिला वाचून दाखवून वहीत लिहिला जातो.

खरी अडचण आली ती रोजीच्या दराची. गावात तेव्हा बाईला दोनशे आणि माणसाला चारशे, असा रिवाज. ‘माणसाचं काम जड असते,’ असं सगळे सांगत. डवरा हाकणं, फवारणीचा पंप पाठीवर घेणं जड आहेच. पण खत द्यायला दोघंही सोबत असतात. घमेलं तेच, तास तेवढेच आणि पैसे मात्र अर्धे! समान कामाला समान वेतन, हा कायदा देशात 1976 साली झाला. 2019 च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. मी खताच्या कामाला दोघांना सारखी रोजी दिली.

दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका धुऱ्यावर आले. ‘ताई, तू चार दिवसांनी नागपूरले जाशील. हा दर आमच्या डोक्यावर बसन.’ त्यांचंही खरं होतं. पाच एकर कोरडवाहू, डोक्यावर कर्ज, कापसाच्या भावाचा भरवसा नाही. मी पेन्शनच्या आधारावर न्याय करणार आणि भुर्दंड त्यांना, हे मलाही पटेना.

वाट काढली ती बायांनीच. मावशी म्हणाली, ‘निंदण गुत्त्यानं दे. एकराचे पैसे ठरव, आम्ही आमचं पाहून घेऊ.’ आता बाया पहाटेच येतात, दोन वाजेस्तोवर काम आटोपून घरी जातात. दिवसाचे पैसे जास्त पडतात, आणि माझा एकरी खर्च वाढलेला नाही. दुसऱ्या वर्षी काकांनीही निंदण गुत्त्यानं दिलं. खताच्या कामाचं मात्र त्यांच्याकडे अजून जुनंच चालू आहे. माझ्याकडे दर सारखाच.

फवारणीचं भान मात्र सगळ्यांनीच ठेवायला हवं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप माणूस मारतो, पण त्याला पाणी आणून देतात बाया. म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध आणि भर उन्हात फवारणी बंद. हातमोजे, तोंडाला फडकं आणि साबण विहिरीवर ठेवलेलेच. शिदोऱ्या फवारणीपासून लांब. विहिरीजवळ टिनाचं न्हाणीघर आणि संडासही बांधला. बाया दिवसभर पाणी कमी का पितात, हे त्यांच्यासोबत राबल्याशिवाय कळत नाही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. मोठीच गोष्ट होती ती. पण माझ्या शेजारी पात धरणाऱ्या मावशीच्या घरी कुणाच्याच नावावर जमीन नाही. तिचा सातबारा म्हणजे माझ्या वहीतलं पान. मला कायद्यानं हक्क दिला. तिचा हिशेब चोख ठेवणं एवढं तरी माझ्या हातात आहे.

मैत्रिणींनो, सातबारा आता घरबसल्या ऑनलाइन बघता येतो. माहेरचा एकदा काढून पाहा. तुमचं नाव असेल, तर यंदाच्या हंगामात चार दिवस तरी शेतावर जा. धुऱ्यावर छत्री धरून उभ्या राहू नका, पात धरा. आणि संध्याकाळी मजुरी वाटताना वही तुमच्या हातात असू द्या.