हेलिकॉप्टर लांब जाईना? आधी अँटेना पाहा

रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टर घरात आणि सोसायटीच्या आवारात छान उडते. मोकळ्या मैदानात नेले की मात्र शंभर मीटरच्या आतच ते थरथरू लागते, आज्ञा उशिरा ऐकते किंवा मुळीच ऐकत नाही. अशा वेळी पहिला संशय रिमोटच्या ताकदीवर घेतला जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेकदा ताकदीत नसतो. रिमोटने पाठवलेला सिग्नल हेलिकॉप्टरपर्यंत पोहोचण्याआधी कुठे तरी गळत असतो. ही गळती जमिनीवरच शोधता येते आणि ती तिथेच शोधायला हवी.

आधी आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. स्वस्तातली अनेक खेळणी रेडिओवर चालतच नाहीत. टीव्हीच्या रिमोटप्रमाणे ती अवरक्त किरणांवर चालतात. त्यांचा पल्ला दहाएक मीटरचा असतो आणि उन्हात तोही कमी होतो. रिमोटच्या पुढच्या टोकाचा छोटा दिवा बटण दाबून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिला आणि तो जांभळट चमकला, तर खेळणे अवरक्त किरणांचे आहे असे समजावे. त्यात बिघाड शोधत बसण्यात अर्थ नाही.

खऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरचे रिमोट आज प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. पल्ल्याचे गणित सोपे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा सिग्नल एक चतुर्थांश उरतो. म्हणजे पल्ला दुप्पट करायचा तर ताकद चौपट लागते. हेच गणित उलटे वाचले की निदान होते. पूर्वी ८०० मीटरपर्यंत साथ देणारे यंत्र आता २०० मीटरवर अडखळत असेल, तर पल्ला चौथाईवर आला, म्हणजे सिग्नल सोळा पटींनी घटला. रिमोटचे सेल किंचित उतरल्याने इतकी घट होत नाही. असा मोठा फरक दिसला की पहिला संशय अँटेनावर घ्यावा.

रिसीव्हरची अँटेना म्हणजे बारीक वायर. तिच्या टोकाचा सुमारे ३१ मिलिमीटरचा उघडा भाग, म्हणजे लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा, हीच खरी अँटेना. बाकीची वायर फक्त सिग्नल वाहून नेते. हेलिकॉप्टर एकदा आपटले की हे टोक तुटते, घासते किंवा सर्किटवरच्या इवल्याशा कनेक्टरमधून अर्धवट निसटते. वरून सारे ठीक दिसते, पल्ला मात्र कोसळतो. उघडे टोक सरळ असावे, दुमडलेले किंवा गुंडाळलेले नसावे. दोन टोके असतील तर ती एकमेकांशी काटकोनात ठेवावीत, म्हणजे यंत्र कसेही वळले तरी एक तरी टोक ऐकत राहते. रिमोटच्या अँटेनाचे टोक हेलिकॉप्टरवर रोखू नये. टोकाच्या दिशेने लहरी सर्वांत कमी जातात, बाजूने जास्त.

हेलिकॉप्टरची आणखी एक खास अडचण म्हणजे कार्बन फायबर. त्याची चौकट हलकी आणि मजबूत असते, पण ती विजेची वाहक असल्याने रेडिओ लहरी अडवते. अँटेना दोन कार्बनच्या पट्ट्यांमध्ये दडलेली असेल, तर एका बाजूने सिग्नल येतो आणि यंत्र वळले की तुटतो. टोके चौकटीबाहेर, प्लॅस्टिकच्या नळीतून काढावीत आणि मोटर, बॅटरी व वेगनियंत्रकापासून दूर ठेवावीत.

काही दोष पल्ल्याचे वाटतात, पण नसतात. सर्व सर्वो एकदम जोरात फिरले की विजेचा दाब क्षणभर खाली येतो, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि आपल्याला वाटते सिग्नल गेला. शेपटीचा पंखा रबरी पट्ट्यावर चालत असेल, तर घर्षणाने स्थिर वीज साठते. ती ठिणगीसारखी उडाली की सर्वो दचकतात. शेपटीची धातूची नळी आणि मोटरचा धातू एका वायरने जोडल्यास ही वीज सुरक्षितपणे वाहून जाते. जुहू, वर्सोवा, गोराईसारख्या किनाऱ्यालगतच्या भागांत खारट दमट हवेने कनेक्टरवर गंज चढतो. तेही तपासावे.

उपनगरातल्या गर्दीचा वाटाही आहेच. २.४ गिगाहर्ट्झच्या याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथही चालतात. अंधेरी किंवा घाटकोपरच्या एखाद्या उंच इमारतीभोवती डझनावारी राउटर एकाच वेळी बोलत असतात. आधुनिक रिमोट या गोंगाटात एका वारंवारतेवर अडून न राहता सतत उड्या मारत बोलतात. वारंवारता बदलण्याच्या अशा कल्पनेचे पेटंट अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत मिळाले होते. त्यांना रेडिओवर चालणारा टॉर्पेडो शत्रूच्या अडथळ्यांपासून वाचवायचा होता. पण उड्या मारल्याने गोंगाट संपत नाही, फक्त त्यातून वाट काढता येते. त्यामुळे एकच यंत्र गच्चीवर कमी आणि मोकळ्या मैदानात जास्त पल्ला देऊ शकते.

आता चाचणी. मुख्य आणि शेपटीची पाती आधी काढावीत. हेलिकॉप्टर लाकडी स्टुलावर ठेवावे आणि रिमोटमधली ‘रेंज चेक’ सोय चालू करावी. ती मुद्दाम ताकद घटवते, त्यामुळे लांबचे अंतर जवळच तपासता येते. माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतरापर्यंत, साधारण ३० पावलांपर्यंत, मागे चालत जावे. दुसऱ्याने सर्वोंकडे लक्ष ठेवावे. मग हेलिकॉप्टर चारही दिशांना वळवून पुन्हा पाहावे. एकाच बाजूने सिग्नल तुटला तर चौकटीचा आडोसा आहे. सर्व बाजूंनी सारखाच कमी पडला तर अँटेना किंवा तिची वायर खराब आहे. मोटर चालू केल्यावरच तुटला तर विद्युत गोंगाट आहे. काड्या जोरात हलवल्यावरच थबकला तर वीजपुरवठा कमकुवत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर कशाने फरक पडला हे कळत नाही. ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर जोडणे हा मार्ग नव्हे. तुटलेली अँटेना त्याने जुळत नाही.

एवढी काळजी कशासाठी? सत्तर सेंटिमीटर व्यासाचा रोटर मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३७० किलोमीटर होतो. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील उद्यानात १९ वर्षांच्या एका तरुणाचा स्वतःच उडवत असलेल्या मॉडेल हेलिकॉप्टरचा घाव लागून मृत्यू झाला. म्हणून सिग्नल तुटताच मोटर बंद व्हावी, अशी ‘फेलसेफ’ची सोय आधीच करून ठेवावी आणि पाती काढलेली असतानाच रिमोट बंद करून ती तपासावी.

जागेचाही विचार हवा. सांताक्रूझचा विमानतळ आणि जुहूचे धावपट्टी असलेले मैदान यांच्यामुळे अंधेरी-घाटकोपरच्या आकाशावर कडक निर्बंध आहेत. मानवरहित विमानांना लागू असलेले ड्रोन नियम २०२१ चे आहेत. कोणत्या भागात काय चालते हे सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर पाहता येते. मुंबई पोलीसही वेळोवेळी रिमोटवरच्या विमानांवर मनाई आदेश काढतात. बोरिवली-मुलुंडमध्येही उडवण्यापूर्वी नकाशा आणि चालू आदेश दोन्ही पाहावेत.

जमिनीवर ३० पावलांची चाचणी पास न होणारे यंत्र त्या दिवशी उडवू नये. दुरुस्तीला कदाचित एका नव्या वायरचाच खर्च येईल. माणसांनी भरलेल्या मैदानावर ताबा सुटला, तर मात्र त्याची भरपाई करता येणार नाही.